खांबाशी ठेवलेली कात्री

बसवनगुडी, बंगळूर
२० ऑगस्ट १९९५

चिरंजीव क्षमे,

आशीर्वाद आधी घे, मग रागाव. उन्हाळ्यापासून तुला पत्र नाही हे खरं, पण तुझा हा थोरला भाऊ धडधाकट आहे, नुसता कामात बुडालाय. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा सगळी बसवनगुडी म्हणाली, जयतीर्थराव आता कट्ट्यावर बसून पेपर वाचणार. कसला पेपर! रोज सकाळी दोन बस बदलून महादेवपुरापलीकडे रावांच्या द्राक्षबागेत जातो आणि दिवेलागणीला परत येतो. आमच्या शेतमजूर युनियनला या दसऱ्याला पंचवीस वर्षं होतात. पहिल्यापासून सेक्रेटरी मीच, कारण दुसरा कोणी मिळालाच नाही. तेव्हा भाषणही मलाच करायचंय.

भाषणात इतिहास सांगायचा ठरवलाय. बागेत नव्या सुना आल्यात, त्यांना वाटतं दुपारची सुट्टी आणि बाळंतपणाची रजा आभाळातून पडली. म्हणून असं लिहिलंय, बघ: ‘छाटणीचे दिवस होते. मुनियम्मा नावाच्या तरुण मजूर बाईला तान्ह्या लेकीला पाजायला जायची मुकादमानं मनाई केली. मुनियम्मानं बाणेदारपणे हातातली कात्री बागेच्या पहिल्या दगडी खांबाशी ठेवली आणि म्हणाली, मालक स्वतःच्या हातानं उचलून देतील तेव्हाच धरीन. पाठोपाठ सगळ्यांनी कात्र्या ठेवल्या. शेवटी थोरले राव आले, वाकले आणि एकेकीच्या हातात कात्री दिली.’ कसं वाटलं? मला तर लिहिताना अंगावर काटा आला.

तेव्हापासूनचा हा रिवाज. भांडण झालं की कात्री खांबाशी. मजुरानं ती आपण होऊन उचलायची नाही, मालकानंच उचलून द्यायची. छाटणी लांबली की पीक बुडालं, त्यामुळे मालकाला वाकावंच लागतं. आजवर दर वेळी वाकलाय.

यंदा मागणी एकच आहे. बागेच्या कोपऱ्यात मजुरांची घरं आहेत ना, ती. थोरल्या रावांनी तोंडी शब्द दिला होता, ‘बाग राबवाल तोवर घरं तुमची.’ ते गेले. आता कारभार मुलाकडे, नरसिंहरावाकडे, आणि तो मोटारीतून खालीसुद्धा उतरत नाही. तो शब्द आता कागदावर हवा. मुनियम्माची ती तान्ही आज स्वतः लेकुरवाळी आहे, त्याच घरात. ही घरं पक्की झाली की मी डोळे मिटायला मोकळा.

तू त्या दिवशी तिथं होतीस, लग्नाच्या आदल्या वर्षी, आपल्या आप्पाजींबरोबर हंगामाची शेवटची द्राक्षं खायला आलेलीस. माझं काही सुटलं असेल तर कळव. उल्हासरावांना नमस्कार.

तुझा,
अण्णा

◆

तासगाव
३ सप्टेंबर १९९५

अण्णा,

पाया पडते. आता ऐक.

तुझा इतिहास वाचून हसू आलं. मुनियम्मा बाणेदार वगैरे काही नव्हती रे. रडत होती ती. पलीकडे झोळीत पोर किंचाळत होती, हिचं लुगडं पुढून भिजलेलं, आणि हात असा थरथरत होता की कात्री सुटून खांबाशी पडली. ती तशीच पळाली. बाकीच्या बाया घाबरून जागच्या जागी थांबल्या. आणि राव का वाकले? आपण सगळे तिथंच चटई टाकून द्राक्षं खात बसलो होतो म्हणून. आप्पाजी एवढंच म्हणाले, ‘राव, लेकरू रडतंय हो.’ पाहुण्यांसमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. लाजेनं वाकले ते. ‘मालक स्वतःच्या हातानं’ वगैरे वाक्य तू मागाहून घातलंयस, कबूल कर.

भाषणात तुझंच ठेव, चांगलं वठलंय. मनात मात्र माझं ठेव.

आता कामाचं. आमच्याकडून बेदाण्याचे ट्रक यशवंतपूरच्या बाजारात येतात, ते तुला ठाऊक आहे. परत येताना रिकामे असतात. इथले एक बागाईतदार म्हणत होते की यंदा परतीच्या ट्रकमधून दगडी खांब आणि तारा आणायच्या, महादेवपुराकडची एक बाग निघतेय, दलालाशी बोलणं झालंय. कुठली बाग ते मला कळलं नाही. पण अण्णा, मी इतकी वर्षं बागाईतदाराच्या घरात काढलीत. ज्याला बाग ठेवायची असते तो खांबाला हात लावत नाही. तिकडे जमिनींना काय भाव आलाय ते इथवर ऐकू येतं. कम्प्युटरवाल्या कंपन्या शेतंच्या शेतं घेतायत म्हणे. तू स्वल्प चौकशी कर. (बघ, कानडी ‘स्वल्प’ अजून गेलं नाही तोंडातून. सासूबाई होत्या तोवर चिडवायच्या.)

तब्येतीला जप.

तुझी,
क्षमा

◆

बंगळूर
१७ सप्टेंबर १९९५

मालकीणबाईंना आमचा साष्टांग!

रागावू नकोस, पण तुझ्या पत्राला आता बागाईतदारांचा वास येतो. तुम्हाला मजूर रडतानाच दिसतो, उभा राहिलेला दिसत नाही. मुनियम्माला तुझी गोष्ट सांगितली तर म्हणाली, ‘अय्यो, मी कधी रडले?’ घ्या!

बरं, चौकशी केली. तुझं खरं निघालं, खांब आमच्याच बागेतले निघणार आहेत. पण कारण ऐकशील तर उडशील. मुकादम म्हणाला, राव दगड काढून लोखंडी अँगल बसवणार आहेत, सगळीकडे नवी पद्धत. म्हणजे काय झालं क्षमे? माणूस बागेत लोखंड घालतोय म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं बाग चालवायची तयारी आहे. त्याला आमची गरज आहे! मी लगेच सभा घेतली आणि हे सांगितलं. काही जण कचरत होते, यंदा कात्री ठेवायची की नाही म्हणून. या बातमीनं त्यांची भीड चेपली. ठरलं. आयुधपूजेला कात्र्या पुजायच्या, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन छाटणीच्या तोंडावर, खांबाशी.

म्हणजे यंदाच्या लढ्यात तुझाही हात लागला म्हणायचा. भाषणात तुझं नाव घेऊ का?

अण्णा

◆

तासगाव
२७ सप्टेंबर १९९५

अण्णा,

नाव घेऊ नकोस. हात जोडते.

लोखंड बसवणारा माणूस आधी लोखंड आणून टाकतो आणि मग दगड उपटतो. वेल काय हवेत धरून ठेवणार? तिथं लोखंड आलंय का? एक तरी अँगल पडलाय का बागेत? नसेल, तर मुकादमानं तुला खुळ्यात काढलंय.

आणखी एक सांगते, राग आला तरी येऊ दे. थोरल्या रावांचा शब्द काय होता? बाग राबवाल तोवर. तुम्हीच काम बंद केलंत तर? तेव्हा त्यांना पीक हवं होतं म्हणून हा विचार त्यांच्या मनात आला नाही. याला पीक नको असेल तर? यंदा कात्री ठेवू नका. कामावर जा, रोज जा, आणि कामावर राहून मागा. कात्री कोणापुढे चालते? ज्याला लाज वाटते त्याच्यापुढे. थोरल्या रावांसमोर आपले आप्पाजी बसले होते. या नरसिंहरावासमोर कोण बसलंय?

मी इकडे अजून काही कळतंय का बघते. घाई करू नकोस. तुझी घाई मला लहानपणापासून ठाऊक आहे.

क्षमा

◆

बंगळूर
८ ऑक्टोबर १९९५

क्षमे,

तुझं पत्र मिळालं तेव्हा कात्र्या ठेवून झाल्या होत्या. त्याचं मला जराही वाईट वाटत नाही, कारण जे पाहिलं ते तू पाहायला हवं होतंस.

आयुधपूजेला सगळ्या खांबांना चुना लावला. ज्या घरानं जी ओळ राखली, त्या घरानं त्या ओळीच्या खांबाला कुंकू लावलं. दर वर्षी लावतात, जुन्याच्या वर नवं, त्यामुळे खांबांवर कुंकवाची खपली झालीय जाड. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पहिल्या खांबाशी जमले. पहिली कात्री मुनियम्माची. कात्रीच्या मुठीला हिरवी चिंधी गुंडाळलेली आहे, हाताला घट्टे पडलेत म्हणून. ती वाकली, कात्री ठेवली, पदर खोचला आणि बाजूला झाली. मग तिची लेक. मग बाकीचे. एकेक ठेवून आपापल्या ओळीच्या तोंडाशी उभे राहिले. मला मात्र राहवलं नाही, डोळ्यांत पाणी आलं, हे तुला म्हणून सांगतो.

संध्याकाळी नरसिंहरावाची मोटार फाटकाशी आली. काच खाली झाली. त्यानं कात्र्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग मोटार वळवून गेला. मुनियम्मा म्हणते तो हसला. मला इतक्या लांबून दिसलं नाही. हसेना का! छाटणी आठ-पंधरा दिवस लांबली की धावत येईल.

मी आता बागेतच मुक्काम ठोकलाय, मुनियम्माच्या ओसरीवर. रोज नाचणीच्या पिठाचे ते मुद्दे, गोळेच्या गोळे गिळतोय. आप्पाजींनी पाहिलं असतं तर काय म्हणाले असते!

लोखंडाचं विचारलंस. अजून आलेलं नाही. येईल.

अण्णा

◆

तासगाव
१८ ऑक्टोबर १९९५

अण्णा,

तुझ्या शेजाऱ्यांकडे दोनदा फोन लावला. ‘ते घरी येतच नाहीत’ म्हणाले. निरोप ठेवलाय, पण भरवसा वाटत नाही, म्हणून हे पत्र बागेच्या पत्त्यावर धाडतेय.

कात्र्या उचला. पत्र हातात पडल्या पडल्या उचला आणि कामाला लागा. बाग विकली गेलीय. परदेशी कंपनीच्या ऑफिसांसाठी घेतलीय, वेल सगळे काढून टाकणार आहेत. लोखंड कधीच येणार नाही.

मला कसं कळलं ते सांगते. मागे मी ‘इथले एक बागाईतदार’ लिहिलं होतं ना, ते म्हणजे आमचे हेच. खांब आम्हीच घेतलेत. ‘व्यवहार पुरा होईस्तोवर तुझ्या भावाच्या कानावर घालायचं नाही,’ अशी ताकीद होती मला. मी अर्धं लिहिलं आणि अर्धं पोटात ठेवलं. मला वाटलं, तेवढ्यानं तू शहाणा होशील. काल दलाल जेवायला आला होता. वरणभात कालवता कालवता हसून सांगत होता, ‘राव नशीबवान. घेणाऱ्यांची अट होती, जमिनीत माणूस नको. मजुरांना उठवायचं कसं म्हणून वर्षभर अडलं होतं. आता त्यांनीच काम सोडलं!’ मी वाढायचं अर्ध्यावर सोडून आत निघून आले.

कळतंय का अण्णा? तुम्ही कामावर असता तर त्याला तुमच्याशी बोलणं भाग होतं. घरांच्या बदल्यात काहीतरी द्यावंच लागलं असतं. काम सोडलंत म्हणजे त्याचं तोंडी वचनही सुटलं. अजून वकिलाची नोटीस निघालेली नाही. दिवाळी झाल्यावर निघणार आहे, हे मी दलालाच्या तोंडून ऐकलंय. तेवढ्यात कामाला लागा. त्या रिवाजाचं राहू दे बाजूला. माझी शपथ आहे तुला.

क्षमा

◆

बंगळूर
२ नोव्हेंबर १९९५

क्षमा,

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच मिळालं. तुझी शपथ मोडली म्हणून लिहायला हात होत नव्हता.

मी सभा बोलावली आणि तुझं पत्र कानडीत सगळ्यांना वाचून दाखवलं, दलालाचं वाक्यसुद्धा.  मग एक सून म्हणाली, ‘उचलूया. घर गेलं तर लेकरं कुठं ठेवायची?’ दोघी-तिघींनी माना डोलावल्या. उचलल्याही असत्या त्यांनी. तेवढ्यात मुनियम्मा उठली. म्हणाली, ‘पंचवीस वर्षांत आपण एकदाही वाकून आपली कात्री उचलली नाही. आज उचलली तर उद्यापासून मुकादम लाथेनं पुढं सरकवील, घे म्हणून. मग त्या घरात राहून तरी काय करायचं?’

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मुनियम्मा माझं ऐकते. मी उचला म्हटलं असतं तर तिनं उचलली असती. क्षमे, माझी जीभ उचललीच नाही. तो रिवाज नुसता तिचा नाही, माझाही आहे. तू म्हणतेस ते वाक्य मी मागाहून घातलं, घातलं असेन, पण पंचवीस वर्षं त्याच वाक्यावर आम्ही उभे आहोत. मी मान खाली घालून बसलो. कात्र्या आहेत तिथंच आहेत.

काल नोटीस आली. ‘मजुरांनी स्वखुशीनं बाग सोडली आहे.’ आमचे वकील म्हणाले, ‘शब्द तोंडी होता, आणि तोही तुम्हीच मोडलात. कोर्टात काय सांगू?’

उल्हासरावांवर माझा राग नाही. त्यांना खांब हवे होते. तुझ्यावर तर नाहीच नाही.

अण्णा

◆

तासगाव
२१ जानेवारी १९९६

अण्णा,

नोव्हेंबरनंतर तुझं एक ओळीचं पत्र नाही. मी तीन पाठवली. संक्रांतीचा तिळगूळ पाठवला, त्याचीही पोच नाही. शेजारी फोनवर म्हणतात, ‘घरातच असतात, बाहेर पडत नाहीत.’ हे ऐकून जास्तच भीती वाटते. तू घरात बसणारा माणूस नव्हेस.

घरांचं काय झालं? हे यशवंतपूरला जाऊन आले, पण मला काही सांगत नाहीत. विचारलं की ‘होईल नीट’ म्हणतात आणि पेपर डोळ्यांपुढे धरतात. एवढ्यानं माणसाला काय ते समजतं. तरी तुझ्या हातचं वाचल्याशिवाय मला खरं वाटणार नाही.

शिव्या दे, पण लिही.

क्षमा

◆

बंगळूर
११ फेब्रुवारी १९९६

क्षमे,

लिहितो. थोडक्यात लिहितो.

डिसेंबरात पिवळं यंत्र आलं. पोलीस होते. मुनियम्माच्या घरापासून सुरुवात केली, कारण ते फाटकाजवळ होतं. भांडी बाहेर काढायला वेळ दिला, एवढं खरं. तिनं भांडी काढली नाहीत. उंबऱ्यात बसून राहिली. लेकीनं आणि मी मिळून तिला उचलली. किती हलकी झालीय ती! मग भिंत पडली आणि ओसरीही, ज्यावर मी महिनाभर झोपलो. दुपारपर्यंत सगळं सपाट झालं. आवाज थांबला तेव्हा कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली होती.

माणसं पांगली. कोणी होसकोट्याकडे वीटभट्टीवर गेलं, कोणी इलेक्ट्रॉनिक सिटीत इमारतींच्या कामावर. मुनियम्माची लेक तिकडेच आहे, पत्र्याच्या खोपटात. युनियनचा फलक मी घरी आणलाय. माजघरात भिंतीला उलटा टेकवून ठेवलाय, कारण येता-जाता वाचवत नाही.

भाषण झालंच नाही. दसऱ्याला वेळ मिळाला नाही, म्हटलं घरं मिळाल्यावर करू. कागद आहे अजून. ‘बाणेदारपणे’ या शब्दाखाली मी रेघ मारली होती, आवाज चढवायला. तुझं खरं होतं, पोरी. लाजेवर चाललं होतं सगळं. लाज संपली, आणि मला ते कळलंच नाही. एवढी वर्षं सेक्रेटरी होतो, काय केलं मी?

कात्र्यांचं विचारशील. पहिल्या खांबाशीच होत्या. यंत्रानं माती ओढली, त्यात गेल्या.

तुझा,
अण्णा

◆

तासगाव
२० मार्च १९९६

अण्णा,

तुझं पत्र वाचून देवघरात जाऊन रडले. तुला धीर द्यायला लिहायला बसले दोन-तीनदा, पण शब्द जुळले नाहीत. आज लिहायला कारण झालंय.

परवा खांबांचा ट्रक आला. आमच्या बागेशी उतरवून ठेवलेत. चुन्यावर कुंकू, कुंकवावर चुना, बोटाएवढा थर. यांनी गड्यांना तासून काढायला सांगितलं, दोन खांब तासूनही झाले. मी जाऊन हात धरले त्यांचे. पहिल्यांदाच चार माणसांत यांच्या शब्दाबाहेर गेले. हे पाठ फिरवून निघून गेले.

तारांच्या भेंडोळ्यात एक कात्री अडकून आली. पार गंजलीय. मुठीला चिंधी आहे, मातीनं काळी झालेली, पण धुतली तर हिरवी निघाली.

मी उचलली, अण्णा. मनात आलं, खांब आता आमचे, म्हणजे ज्या हातानं उचलायची तो हात माझा. तेल लावून पुसून ठेवलीय. मुनियम्माला विचार. मी बंगळूरला येते आणि तिच्या हातात देते, सगळ्यांसमोर, रीतसर. आमच्या बागेत विहिरीशी दोन खोल्या मोकळ्या आहेत. तिनं आणि लेकीनं लेकरांना घेऊन इथं यावं. काम आहे, पाणी आहे. यांना मी तयार करीन. तेवढं तरी माझ्या हातून होऊ दे. तिचा पत्ता कळव.

क्षमा

◆

बंगळूर
४ एप्रिल १९९६

क्षमे,

तुझ्या पत्रानं मी बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडलो. मुनियम्मा कुठं असेल असं वाटतं तुला? बागेतच आहे. म्हणजे जिथं बाग होती तिथं. कंपनीची इमारत उठतेय आणि पुढे हिरवळ लावणार आहेत. त्यासाठी ठेकेदाराच्या हाताखाली माती चाळते. वॉचमन मला आत सोडेना, म्हणून दुपारी ती फाटकाबाहेर आली. रस्त्याच्या कडेला बसून मी तुझं पत्र तिला कानडीत सांगितलं.

हिरव्या चिंधीचं ऐकून तिनं माझा हात घट्ट धरला. म्हटलं, आता ही रडणार. नाही रडली. विचारलं, ‘अक्कानं उचलली?’ मी हो म्हणालो. तर म्हणते, ‘परत ठेवायला सांगा. त्याच खांबाशी. आम्ही ती अक्कापुढं ठेवली नव्हती. ज्यानं उचलायची त्यानं उचललेली नाही. दुसऱ्या कोणी उचलली म्हणजे आमचा संप मिटला, असं होईल. घरं गेली, बाग गेली, संप तरी आमचा राहू दे.’

मी म्हटलं, अगं पण अक्का खोली देतेय राहायला. त्यावर म्हणाली, ‘कुठवर? राबेन तोवर ना?’ मग कपाळाला हात लावून तुला नमस्कार सांगितला आणि आत गेली. उशीर झाला तर ठेकेदार दिवसाची हजेरी मांडत नाही.

तिचं मन मोडू नकोस. ती म्हणते तसं कर. मला तर आता बरोबर काय आणि चूक काय ते कळेनासं झालंय.

अण्णा

◆

तासगाव
१५ एप्रिल १९९६

अण्णा,

कुंकवाचा थर सगळ्यांत जाड, त्यावरून तो पहिला खांब ओळखला आणि बागेच्या तोंडाशीच रोवला. कुंकू आहे तसं ठेवलं. काल संध्याकाळी कात्री त्याच्याशी ठेवली. पुसलेलं तेल दिसत होतं, म्हणून वर थोडी माती टाकली.

आज आमची एप्रिलची छाटणी सुरू झाली. बाया आल्या, कात्री बघून थबकल्या. एकीनं विचारलं, ‘वैनी, हे काय वो?’ मी त्यांना सांगितलं. सांगायला लागले आणि माझ्या तोंडून तुझाच इतिहास आला, माझा नाही. रडणं, थरथरणारा हात, आप्पाजी, काही सांगितलं नाही. मुनियम्मानं बाणेदारपणे कात्री ठेवली असं सांगितलं. ‘बाणेदारपणे’वर माझाही आवाज चढला. मनात तेवढ्यापुरतं तरी तुझंच खरं होतं.

सगळ्या ऐकत होत्या. मग एक पोरसवदा सून, कडेवर लेकरू असलेली, म्हणाली, ‘मग वैनी, घरं मिळाली का त्यांना?’

मला खोटं बोलता आलं नाही. नाही म्हटलं.

तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. ‘आसं व्हय,’ म्हणाली. मग एकेक उठल्या, पदर खोचले आणि कामाला लागल्या. मला वाटलं होतं कोणी तरी काही म्हणेल. 

दुपारी हे आले. कात्रीकडे बघून म्हणाले, ‘ते गंजकं उचल तिथनं, कोणाच्या पायात जाईल.’ मी म्हटलं, मला उचलायची परवानगी नाही. तुम्ही मालक, तुम्ही उचला, पण मग ती द्यायला बंगळूरला जावं लागेल, फाटकाबाहेर उभं राहून. हे वाकले नाहीत. मग चपला घालून घरी गेले.

बाया संध्याकाळी परत जाताना पाहिलं मी. रस्ता अरुंद आहे तिथं, तरी एकीचाही पाय त्या कात्रीला लागला नाही. वळसा घालून गेल्या सगळ्या.

फलक सरळ करून ठेव, अण्णा. आणि मुनियम्माला सांग, अक्कानं परत ठेवली. संप मिटलेला नाही.

तुझी,
क्षमा